फुकटची पिशवी बंद करताना: गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी

बिल झालं, गिऱ्हाइकानं पैसे दिले, तेलाचं पाकीट, साखर, अंडी, साबण असं सगळं काउंटरवर पसरलंय, मागं चार माणसं खोळंबलीत, आणि अशा वेळी तुम्ही म्हणता, "पिशवीचे वीस रुपये वेगळे होतील." इथं भांडण होणारच. देवमाणूस असला तरी चिडेल. मीही चिडेन.

बेळगावात शहापूरला आमचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात फळ्या लावून बंद करायचं दुकान होतं, गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं आणि आत आम्ही पुड्या बांधायचो. आता माणसं आत फिरून सामान घेतात, बुट्टीत टाकतात आणि गल्ल्यावर येतात, म्हणून पाटीवर सुपरमार्केट लिहिलंय. लांबी-रुंदी बघितली तर किराण्याचंच दुकान. गल्ल्यावर मी बसते. फुकटची कॅरीबॅग बंद केल्यापासून वडगावचे, अनगोळचे, एखाद-दुसरा खानापूरचा दुकानदार फोन करून विचारतो, "वैनी, गिऱ्हाईक तुटलं नाही का तुमचं? सांगता तरी काय त्यांना?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. वीस रुपये गेले म्हणून कुणी भांडत नाही. तोच माणूस बाहेर जाऊन चाळीस रुपयांची भेळ खातो. त्याला राग येतो तो हात भरलेले असताना, चारचौघांसमोर, दुसरा काही उपाय उरलेला नसताना सांगितल्याचा. म्हणून तुमची सगळी मेहनत एकाच कामावर खर्च करायची: पिशवी फुकट नाही हे गिऱ्हाइकाला पहिली वस्तू उचलायच्या आधी कळलं पाहिजे. बाकीचं सगळं त्याच्या मागून सरळ होतं.

कायद्याचं थोडक्यात

गिऱ्हाईक कायदा काढतं, म्हणून आपल्याला तो माहीत असावा. दुकानदारानं प्लास्टिकची कॅरीबॅग फुकट द्यायची नाही असं केंद्राच्या नियमांत २०११ सालीच आलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. कर्नाटकानं मार्च २०१६ मध्ये कॅरीबॅगच बंद केली, जाड असो वा पातळ. केंद्राच्या नियमांत मात्र जाडीचा हिशेब आहे: ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन. एखादा विक्रेता "ही १२० ची आहे, चालते" म्हणून तुमच्या गळ्यात मारायला येईल. आपण बेळगावात आहोत, आपल्याला राज्याची बंदी लागू आहे. महापालिकेची गाडी आली की मायक्रॉन मोजत बसत नाही, माल उचलते आणि दंडाची पावती फाडते.

सीमाभागात आणखी एक गंमत असते. महाराष्ट्रातल्या चंदगड, शिनोळीकडचं गिऱ्हाईक म्हणतं, "आमच्याकडं देतात की पिशवी." आपल्याकडचं माणूस तिकडून आलं की तिकडच्या दुकानदाराला म्हणतं, "बेळगावात देतात." कुणी देत असलं तरी बंदी दोन्हीकडं आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळेचा दंडच पाच हजार. रस्ता ओलांडला म्हणून पिशवी कायदेशीर होत नाही. पण हे गिऱ्हाइकाला शिकवत बसू नका. रविवार पेठेत ठोक माल भरायला आलेला चंदगडचा दुकानदार असेल तर सांगा, त्याच्या उपयोगाचं आहे. आजीबाई असतील तर नुसतं हसा.

आता दुसरी बाजू, जी दुकानदार विसरतात. पिशवीचे पैसे घ्यायचेत म्हणून कसेही घेता येत नाहीत. चंदीगडच्या ग्राहक मंचानं २०१९ मध्ये एका बूट कंपनीच्या दुकानाला तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी नऊ हजारांच्या आसपास भुर्दंड बसवला. पिशवीवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. मंचाचं म्हणणं, तुमची जाहिरात गिऱ्हाइकानं हातात घेऊन फिरायची आणि वर पैसेही त्यानंच द्यायचे, हे कुठलं? डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तर स्पष्ट सांगितलं की गिऱ्हाइकाला सामान निवडायच्या आधी पिशवीची किंमत आणि तपशील सांगितला नसेल, तर गल्ल्यावर अचानक पैसे मागणं ही अनुचित प्रथा आहे. म्हणजे मी वर जे म्हटलं ते नुसतं शहाणपणाचं नाही, आयोगाचाही तोच आदेश आहे. तेव्हा विकायच्या पिशवीवर दुकानाचं नाव छापू नका. छापायची हौस असेल तर ती पिशवी फुकट द्या. आणि पैसे घेतले तर बिलावर पिशवीची वेगळी ओळ दिसू दे.

फलक कुठं आणि काय

गल्ल्यामागं लावलेला फलक कुणी वाचत नाही. तिथं लक्ष्मीची तसबीर, उधारी बंदची पाटी आणि फोनपेचं चौकोनी चित्र आधीच आहे. फलक लावायचा तो दारात, चप्पल काढायच्या किंवा छत्री ठेवायच्या जागी, आणि दुसरा बुट्ट्यांच्या चळतीवर. बुट्टी उचलायला प्रत्येकाला वाकावंच लागतं. आमच्या बुट्टीच्या तळालाच चिकटवलंय, सामान टाकताना वाचलं जातं.

मजकुरात "प्लास्टिक बंदी आहे, सहकार्य करावे" असलं सरकारी काही नको. असं लिहून कुणी सहकार्य केल्याचं मी तरी बघितलेलं नाही. आमच्याकडं लिहिलंय: "पिशवी आणली का? नसल्यास इथं कापडी पिशवी वीस रुपयांत मिळेल. परत आणा, वीस रुपये परत घ्या." बस्स. काय बंद आहे यापेक्षा काय मिळेल ते लिहा. कन्नड मजकूर वर आणि मोठा ठेवा, त्याखाली मराठी. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा २०२४ चा कायदा आहेच. पिशवीच्या फलकावरून आणखी एक वाद अंगावर ओढून घ्यायचं कारण नाही, आणि आपली निम्मी गिऱ्हाईकं कन्नड वाचणारी आहेत हे तर उघडच आहे.

पण फलकावर विसंबू नका. तोंडानं विचारायला लागतं. दारात बुट्ट्या देणारा मुलगा असेल तर त्याला एकच वाक्य शिकवा: "पिशवी आणलाय न्हवं?" कन्नड गिऱ्हाइकाला, "चीला तंदीरेन्री?" बास. गिऱ्हाईक खिसा चाचपतं, "अरे, राहिली गाडीत," म्हणत परत जातं आणि घेऊन येतं. गाडीत पिशवी असतेच हो. स्कूटरच्या डिकीत एक तरी घडी घातलेली पिशवी निम्म्या बेळगावच्या असते. आठवण करून द्यायचं काम तेवढं आपलं.

कधी सुरू करायचं

एक तारखेला अजिबात नको. एक ते दहा महिन्याचा बाजार असतो, माणूस यादी घेऊन येतं आणि पोत्याएवढं सामान नेतं. त्या गर्दीत नवा नियम काढला तर तुमचंच डोकं उठेल. पंधरा-सोळा तारखेच्या पुढं सुरू करा. तेव्हा लोक साबणाची वडी, दुधाची पिशवी, पावशेर रवा असलं न्यायला येतात, हातात धरूनही जाता येतं. चिडचिड होते ती छोटी होते, आणि पुढच्या महिन्याच्या बाजारापर्यंत बातमी गल्लीभर पोचलेली असते. गणपती आणि दिवाळीचे दिवसही टाळा. पाव्हणे घरी येतात, घाईत सामान लागतं, तेव्हा कुणाला काही ऐकायचं नसतं.

आपल्याकडचा पाऊस ध्यानात घ्या. जूनमध्ये सुरू करून कागदी पिशव्या वाटायचा बेत असेल तर विसरा. शहापुरातनं टिळकवाडीपर्यंत जाईस्तोवर तळ निघतो आणि साखर रस्त्यावर येते. मग माणूस दुसऱ्या दिवशी फाटका कागद घेऊनच दुकानात येतं.

आणि एकदा बंद केलं की बंद. हे फार महत्त्वाचं आहे. माझा भाचा ऑस्ट्रेलियात असतो, त्यानं सांगितलेली तिथली गोष्ट बघा. २०१८ च्या मध्याला तिथल्या दोन मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी फुकटच्या पातळ पिशव्या बंद केल्या. लोक इतके भडकले की पश्चिम ऑस्ट्रेलियात एका कर्मचाऱ्याचा गळा धरल्याची बातमी आली. एका साखळीनं घाबरून पंधरा सेंटची जाड पिशवी फुकट वाटायला घेतली. मग पिशवी बंद करा म्हणणारे भडकले की तुम्ही शब्द फिरवला, तेव्हा पुन्हा ऑगस्टअखेरीची तारीख द्यायची पाळी आली. म्हणजे दोन्हीकडनं बोलणी खाल्ली. "नेहमीचं गिऱ्हाईक आहे, आजच्या दिवस द्या" असं मालकच म्हणायला लागले की संपलं. आमच्या घरात मालकांना ही सवय होती. मी शिल्लक राहिलेला सगळा गठ्ठा महापालिकेच्या कचरागाडीवाल्याला देऊन टाकला, दुकानात पिशवी असती तर त्यांनी दिलीच असती.

कोण काय म्हणतं आणि आपण काय म्हणायचं

"दोन हजारांचं सामान घेतलं आणि पिशवीला पैसे मागता?" हे सगळ्यात नेहमीचं. इथं पर्यावरण काढू नका. त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं आधी म्हणा, कारण ते बरोबरच आहे. मग सांगा, "वीस रुपये तुमचेच आहेत, पिशवी आणली की परत." आणि खरोखर परत द्या, चेहरा न पाडता, हातात, रोख. पुढच्या बिलात वळते करतो म्हटलं की विश्वास उडतो.

"शेजारच्या दुकानात देतात." देतात, मला माहीत आहे. यावर गप्प बसायचं. शेजाऱ्याची चुगली केली की आपलीच किंमत जाते. गल्लीतल्या चार दुकानांनी एकाच दिवशी बंद केलं तर मात्र हे वाक्यच मरतं. आमच्या ओळीतल्या औषध दुकानदाराला, बेकरीवाल्याला आणि स्टेशनरीवाल्याला मी चहाला बोलावून तारीख ठरवली. बेकरीवाला सगळ्यात जास्त कुरकुरला आणि सगळ्यात आधी सुधारला. खोक्याला सुतळी बांधून द्यायला लागला, वर सुतळीचीच मूठ.

"साखर प्लास्टिकात, डाळ प्लास्टिकात, नंदिनीचं दूध प्लास्टिकात, आणि माझी पिशवी तेवढी वाईट?" हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा हुशार असतो आणि त्याच्याशी खोटं बोलू नये. नियमात कॅरीबॅग म्हणजे सामान वाहून न्यायची पिशवी. माल आधीच भरून बंद केलेलं वेष्टन त्यात धरत नाहीत. म्हणून दुधाचं पाकीट चालतं. हे पटण्यासारखं आहे का? मला स्वतःला पूर्ण पटत नाही. मी तसंच सांगते, "तुमचं खरंय, पण माझ्या हातात पाकीट नाही, पिशवी आहे." आणि त्यांना सुट्या मालाचं कपाट दाखवते. डबा घेऊन आलात तर पोहे, रवा, शेंगदाणे, गूळ सुटं मिळेल. काही जण आणतात.

"मग घरातल्या कचऱ्याला काय लावू?" हा प्रश्न बायकाच विचारतात, कारण कचरा त्याच काढतात. ह्याला दुकानदार उडवून लावतात ते चुकीचं आहे. फुकटची पिशवी ही घराघरात कचऱ्याची पिशवी होती, ती गेली की खरंच अडचण होते. मी सांगते, ओला कचरा वेगळ्या झाकणाच्या बादलीत, तळाला रद्दीची घडी. सकाळी गाडी आली की बादलीच उलटी करायची आणि पाणी मारायचं. कोरड्याला तांदळाचं रिकामं पोतं. ज्यांना पटत नाही त्या काळ्या पिशव्यांचा रोल विकत घेतात. घेऊ देत.

मग काही माणसं बोलतच नाहीत. सामान तसंच टाकून तरातरा निघून जातात. मागून हाका मारू नका. सामान बुट्टीत भरून गल्ल्याखाली ठेवा, लगेच फडताळावर परत लावू नका. बरीचशी माणसं पंधरा-वीस मिनिटांत पिशवी घेऊन परत येतात, आणि सगळं सामान जसंच्या तसं बघून मवाळ होतात. त्या वेळी "आलात का?" असं सुद्धा म्हणायचं नाही.

येळ्ळूरकडचे एक मामा येतात, वय झालंय पण ताठ. मागच्या पावसाळ्यात भर सरीत त्यांनी पिशवी मागितली. मी म्हटलं, वीस रुपये ठेवा, उद्या परत न्या. "एक पिशवी द्यायला एवढा विचार करायलाय?" म्हणाले, आणि अंगातला रेनकोट काढला. काउंटरवर पसरला. त्यात पाच किलो इंद्रायणी, वर चहापूड, वर मेणबत्त्या, आणि बाह्यांची गाठ मारून गाठोडं खांद्यावर. तांदूळ कोरडे, मामा चिंब. मागची माणसं हसायला लागली, मी तोंड दाबून धरलं. पुढच्या खेपेला ते वायरची पिशवी घेऊन आले, निळी-पांढरी, जुन्या बायका विणायच्या तसली. प्लास्टिकचीच, पण त्यांच्या बायकोनं कधीकाळी विणलेली आणि अजून एक टाका सुटलेला नाही. "ही धरणार काय तुमची महापालिका?" विचारलं. मी म्हटलं, हिला कोण हात लावतंय.

जुन्या माणसांकडून शिकण्यासारखंही आहे. खेड्यातनं येणारे टॉवेलच्या चार टोकांत डाळ-गूळ बांधून नेतात, त्यांचा कधीच वाद नसतो. खासबागच्या रविवारच्या बाजारात बघा, बुट्टी घेतलेल्या बायका अजून दिसतात. वाद घालतो तो ऑफिसातनं सुटून रिकाम्या हातानं येणारा, आणि खरं सांगायचं तर तोच आपला मोठा गिऱ्हाईक आहे. त्याच्यासाठीच पुढची उसनी पिशवी.

उसनी पिशवी

वीस रुपये अनामत, पिशवी परत आली की पैसे परत. वही ठेवू नका, नावं लिहीत बसलं तर रांग थांबते. पिशवीच्या आतल्या शिवणीत एक ठरावीक रंगाची चिंधी शिवून घ्या, आमची तांबडी आहे. तांबडी चिंधी दिसली की वीस रुपये द्यायचे, कुणीही आणो. शेजारणीची आणली, मुलानं आणली, काही फरक पडत नाही. चिंधी नसली की पैसे नाहीत, म्हणजे शेजारच्या दुकानाची पिशवी आपल्या गळ्यात पडत नाही.

परत आलेली पिशवी तशीच दुसऱ्याला देऊ नका. पिठाची, मसाल्याची, कधी कधी सुकटीची सुद्धा असते. आठवड्याला एकदा गरम पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून मगच काउंटरखाली. सगळ्याच परत येत नाहीत. वीस रुपयांत तुमचा कापड आणि शिलाईचा खर्च निघेल असा हिशेब आधीच बांधा, मग पिशवी आली तरी बरं, न आली तरी बरं.

पिशवी शिवून घेताना

बाजारात "कापडी पिशवी" म्हणून जी मऊ, ठिपक्या-ठिपक्यांची, रंगीत पिशवी मिळते ती कापड नाही. नॉन-वोवन म्हणतात, मूळ प्लास्टिकच. ओळखायला एक कोपरा कात्रीनं कापा आणि काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळतं, राख होते. हे आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. विक्रेत्यासमोरच करा, पुढचं बोलणं वाचतं. "मक्याची पिशवी" घेऊन कुणी आलं तर तिच्यावर कंपोस्टेबल (म्हणजे कुजून खत होणारी) असं छापलेलं हवं, आणि बनवणाऱ्याकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर वाटेला लावा.

आपल्याकडं कापडाला तोटा नाही. वडगाव, खासबागेत यंत्रमाग आहेत, डाग पडलेलं किंवा धागा सुटलेलं कापड विचारलं तर स्वस्तात मिळतं. मात्र रेशमीसारखं घसरणारं कापड एकेरी वापरू नका, शिवण उसवते. आतनं सुती लावा. सगळ्यात सोपं म्हणजे मांजरपाट, ३६ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा. एका पिशवीला १६ इंच रुंद आणि ३८ इंच लांब तुकडा. पन्ह्यात दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात आणि ४ इंचांची पट्टी उरते ती बंदांना. तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवण येत नाही, आणि तळ कधी उसवत नाही. तोंडाला दोन-दोन इंच दुमड, बाजूंना उलटी-सुलटी अशी दोनदा शिवण. मग आतनं तळाचा कोपरा त्रिकोणासारखा धरून ४ इंचांची आडवी शिलाई मारा, दोन्हीकडं. ह्यानं तळ सपाट होतो, पिशवी काउंटरवर उभी राहते आणि भरताना दोन्ही हात मोकळे राहतात. ही आडवी शिलाई शिंपी हमखास टाळतात, ती मारून घ्याच.

बंद २२ इंचांचे. हातात धरली तर जमिनीला घासू नये, आणि जडपणा वाटला तर खांद्याला अडकावी. बंद तोंडाच्या दुमडीवर नुसते चिकटवायचे नाहीत. दीड इंच खाली घेऊन चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. पिशवी फाटते ती इथंच. नमुन्याची पहिली पिशवी आली की त्यात पाच किलो पीठ आणि तेलाचं एक पाकीट घालून रात्रभर खिळ्याला टांगा. सकाळी टाके ताणलेले दिसले तर सगळी खेप परत.

घरच्या जुन्या साड्यांचं गणित वेगळं. सहावारी साडीचे दोन्ही काठ कापून काढले की मधे साधारण ३८-३९ इंच उरतात, म्हणजे पिशवीची लांबी नेमकी बसते. सहा वार म्हणजे २१६ इंच, १६-१६ चे तेरा तुकडे. पण जुनी साडी विरलेली असते, म्हणून दोन-दोन तुकडे एकावर एक घेऊन शिवा: सहा पिशव्या, आणि एक तुकडा उरतो त्यात डाळीच्या छोट्या पिशव्या. काठ फेकू नका, तेच दुमडून बंद करायचे. काठ साडीच्या अंगापेक्षा जास्त टिकतो. आमच्या काउंटरवर शहापुरी साडीच्या काठाच्या पिशव्या सगळ्यात आधी संपतात, आणि खरं म्हणजे परत येत नाहीत.

भाजीचा रोल, दही आणि बाकीचं ओलं

भाजीच्या कप्प्याजवळ टांगलेला पातळ पिशव्यांचा रोल आधी काढा. दारात पिशवी बंद आणि आत रोल फुकट, असं असलं की लोक त्यातच साबण, बिस्किटं भरून आणतात, आणि ह्यात माझ्या ओळखीच्या चांगल्या घरच्या बायका होत्या. त्याऐवजी सुती जाळीच्या पिशव्या ठेवा किंवा भाजी सरळ बुट्टीत. काट्यावर ठेवताना रिकामी जाळी आधी ठेवून काटा शून्यावर आणा, आणि हे गिऱ्हाइकाला दिसेल असं करा. पिशवीचं वजन आपण भाजीच्या भावात लावत नाही, हे एकदा दिसलं की परत कुणी विचारत नाही.

दही, इडलीचं पीठ, पनीर, घाण्याचं तेल यांना डबा. स्टीलचा डबा आणला तर आमच्याकडं पिठावर थोडी सूट आहे. त्याहीपेक्षा, डबा आणणाऱ्याला रांगेत पुढं घेतलं तर लोक जास्त खूश होतात. रद्दीचा कागद कोरड्या, बंद वस्तूंभोवती चालेल. खाण्याचा पदार्थ थेट वर्तमानपत्रात बांधू नका, शाईचं अन्नात उतरतं म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते करू नका असं सांगितलंय. भजी-चिवडा विकणाऱ्यांनी केळीचं पान नाहीतर कोरा कागद वापरावा.

आणि कुणी फारच विचारलं की एवढं कशासाठी करता, तर बळ्ळारी नाल्याकडं बोट दाखवा. पावसाळ्यात नाला तुंबतो, शहापूर-वडगाव शिवारात पाणी चढतं आणि भाताचं पीक कुजतं. नाल्यात काय काय अडकलेलं असतं ते शेतकऱ्याला विचारायला लागत नाही, पुलावर उभं राहिलं की दिसतं. आमच्या गिऱ्हाइकांत ज्यांची जमीन तिकडं आहे त्यांनी पिशवीवरून एकदाही आवाज चढवला नाही.

घरपोच माल

फोनवर यादी देणाऱ्यांसाठी पिशवीच नको. मोठ्या बुट्टीत माल भरून पाठवा आणि त्यांच्या ओट्यावर रिकामी करून घ्या. अंडी वरच्या थरात, साबण आणि चहापूड एकाच कोपऱ्यात ठेवायची नाहीत, वास लागतो. बुट्टीला नंबर टाका आणि नेणाऱ्या मुलाला बजावून सांगा की रिकामी बुट्टी हातात घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. "उद्या देते" म्हणून ठेवून घेतलेली बुट्टी त्यांच्या माळ्यावर कांद्यांना लागते, आणि ती मागायला मालकांनाच जावं लागतं.